केबलआधी खोली ऐका

किनवटला माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी ट्रान्झिस्टर आणि टेपरेकॉर्डर यायचे. आता होम थिएटर, ब्लूटूथ स्पीकर आणि लग्नसराईत जळालेले डीजेचे ॲम्प्लिफायर येतात. मध्येच एखादा जपून वापरलेला जुना स्टिरिओ येतो आणि त्याचा मालक हमखास विचारतो, "केबल भारीची टाकली तर आवाज सुधारेल का?" मोबाइलवर व्हिडिओ पाहून हा प्रश्न घेऊन येणारे अलीकडे बरेच वाढलेत.

माझं उत्तर ठरलेलं आहे. वायर तुटलेली, गंजलेली किंवा गरजेपेक्षा बारीक असेल तर बदला, नक्की सुधारेल, आणि त्याला काहीशे रुपये पुरतात. त्यापुढे वायरीवर घातलेला पैसा आवाजात उतरत नाही. हे इतक्या ठामपणे सांगतो त्याला एका घरातला अनुभव कारणीभूत आहे. तिथे पैसे तर गेलेच, पण एका गाणंवेड्या माणसाचा स्वतःच्या कानांवरचा भरवसाही जायची वेळ आली होती. म्हणून तो सविस्तर सांगतो.

आमच्याकडचे एक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवरच्या शाळांत नोकरी झाली. त्या काळात संध्याकाळी ट्रान्झिस्टरवर परभणी आकाशवाणी लावायची आणि जे गाणं लागेल ते ऐकायचं, एवढीच चैन. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेनं स्टिरिओ घेतला. चांगला ॲम्प्लिफायर, दोन मध्यम आकाराचे स्पीकर, सीडी प्लेअर आणि पुढे एक रेकॉर्ड प्लेअर. किशोरीताई, भीमसेनजी, मन्सूर यांच्या तबकड्या आणि सीडी त्यांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या. जुन्या घरात हा संच उत्तम वाजायचा, मी स्वतः ऐकला आहे.

मग त्यांनी नवं घर बांधलं. बारा बाय दहाचा हॉल, वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना पक्का गिलावा. भिंतीत शोकेस, तिला सरकत्या काचा, आणि स्पीकर त्या शोकेसच्या कप्प्यांत नीट बसवलेले. दिसायला सुंदर. पण ऐकताना डग्ग्याचा आवाज पसरायला लागला, बंदिशीचे शब्द कळेनात, तंबोरा गढूळ झाला. गुरुजींना चैन पडेना.

मुलाकडे मोठ्या शहरात गेले असताना तिथल्या एका दुकानात त्यांनी ही तक्रार सांगितली. विक्रेता म्हणाला, संच तुमचा चांगलाच आहे, साध्या वायरी त्याचा आवाज दाबून ठेवतायत. शुद्ध तांबं, त्यावर चांदीचा मुलामा, सिग्नल कुठून कुठे जाणार हे दाखवणारा बाण. स्पीकरच्या आणि सीडी प्लेअरच्या केबल मिळून २८,००० रुपये झाले. वर हेही सांगितलं की केबल शंभर तास वाजल्यावर खुलते, तोवर निकाल देऊ नका. हे वाक्य कुणी बोललं तर वाचकांनी तिथेच सावध व्हावं. रोज एक-दीड तास ऐकणाऱ्या माणसाचे शंभर तास व्हायला दोन-तीन महिने जातात. तोवर माल परत करायची मुदत संपते आणि कानही त्या आवाजाला सरावतो.

पहिल्या संध्याकाळी गुरुजींना फरक वाटला. आवाज मोकळा झाला, स्वर स्वच्छ आले. काही आठवड्यांनी पुन्हा तोच गढूळपणा. फोन केला तर उत्तर मिळालं, आता ॲम्प्लिफायरची लाइटची केबलही बदला. आणि कानांना सवय लावावी लागते, सगळ्यांना बारकावे लगेच कळत नाहीत. ज्या माणसानं आयुष्यभर गाणं ऐकलं, तंबोरा किंचित उतरला तरी ज्याच्या कपाळावर आठी येते, त्याला हे सांगितलं गेलं. गुरुजी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "वयामुळे कान गेले असतील का हो माझे?" मला त्या २८,००० रुपयांपेक्षा या प्रश्नाचा संताप जास्त आला.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, गुरुजी, आपण न बघता ऐकू. इलेक्ट्रिकलच्या दुकानातून तांब्याची, अनेक तारांची दीड एमएमची वायर आणली. स्पीकर होते त्याच जागी ठेवले. ॲम्प्लिफायरसमोर चादर लावली. शंभर हर्ट्झचा एकच सूर वाजवून मल्टिमीटरनं दोन्ही वायरींवर स्पीकरच्या टोकांशी व्होल्टेज मोजलं. ते दुसऱ्या दशांशापर्यंत सारखं आलं. हे मोजणं फार गरजेचं असतं. दोनांतला एक आवाज किंचितही मोठा असला की आपल्याला तोच चांगला वाटतो, आणि मोठा आहे हे लक्षातही येत नाही. गुरुजींच्या नातीनं नाणं उडवायचं, छापा आला तर महागडी, काटा आला तर साधी. मी चादरीमागे जोडणी करायची. नाणं बदल सांगो न सांगो, दर वेळी वायर काढून पुन्हा लावायची, म्हणजे खुडबुडीवरून अंदाज येत नाही. गाणी गुरुजींनी निवडली, बैठक त्यांची, वेळ हवा तेवढा. त्यांनी कागदावर लिहीत जायचं, बोलायचं नाही.

शेवटी नातीची वही आणि आजोबांचा कागद शेजारी ठेवले. निव्वळ नाणं उडवून जेवढं जुळतं, तेवढंच जुळलं होतं. गुरुजींनी कागद दोनदा तपासला. मग म्हणाले, "म्हणजे कान ठीक आहेत माझे. वायरींतच फरक नाही." त्यांना बरं वाटलं हे मी पाहिलं, आणि मलाही.

घरी कुणाला हे करायचं असेल तर आकडा लक्षात ठेवा. सोळा वेळा ऐकून बारा किंवा जास्त उत्तरं बरोबर आली, तर फरक खरंच ऐकू येतो असं मानायला हरकत नाही. नुसत्या नशिबानं तेवढी बरोबर यायची शक्यता शंभरात चारपेक्षा कमी असते. चारांपैकी तीन बरोबर आली म्हणून हुरळून जाऊ नये.

मग पहिल्या संध्याकाळी गुरुजींना जे ऐकू आलं ते काय होतं? त्याला भ्रम म्हणून उडवून लावू नये. जुनी वायर कित्येक महिने, पावसाळा धरून, त्याच जागी होती. किनवट जंगलाच्या कुशीत, पाऊस बाकी मराठवाड्यापेक्षा जास्त. इथे दमट हवेत पिनांवर आणि सॉकेटवर काळपट थर चढतो. नवी केबल खुपसताना तो थर घासून निघाला. तेवढ्यानंही आवाज साफ होतो, पण ते श्रेय घासण्याचं. तीच जुनी पिन काढून चार-सहा वेळा फिरवून पुन्हा बसवली असती तरी तेच झालं असतं. त्यात गुरुजी त्या संध्याकाळी मन लावून ऐकायला बसले होते. आणि खुर्ची वीतभर इकडे-तिकडे झाली तरी स्पीकरचा आवाज बदलतो, हे कुणीही आत्ता करून पाहू शकतं.

आता थोडा हिशेब, कारण तो सोपा आहे. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या मऊ वायरीचा रोध किलोमीटरला साधारण १३ ओहम असतो. ॲम्प्लिफायरपासून स्पीकर चार मीटरवर असेल तर जाऊन-येऊन आठ मीटर, म्हणजे दशांश एक ओहमच्या आसपास. स्पीकर आठ ओहमचा. आवाजातली घट डेसिबलच्या दहाव्या भागाएवढी, कानाला न कळणारी. याहून जाड, अडीच एमएमची वायर घेतली तर त्या दहाव्या भागातलाही थोडा वाचेल, इतकंच. चांदी तांब्यापेक्षा जेमतेम सहा-सात टक्के जास्त वाहक आहे. 'ऑक्सिजन-फ्री' म्हणून विकलं जाणारं तांबं आणि चांगल्या घरगुती वायरीतलं तांबं यांच्या वाहकतेत एखाद्या टक्क्याचा फरक. बाणाचं म्हणाल तर स्पीकरकडे जाणारा प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उलट-सुलट फिरतो, त्याला एक दिशाच नसते. डाव्या-उजव्या वायरींची लांबी सारखी हवी असंही सांगतात. सिग्नल वायरीतून सेकंदाला लाखो किलोमीटर वेगानं जातो. दोन मीटरच्या फरकानं पडणारा उशीर कुठल्याच कानाला जाणवणार नाही.

अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकानं ऑगस्ट १९८३ मध्ये लॉरेन्स ग्रीनहिल यांनी केलेली अशीच चाचणी छापली होती. तेव्हा 'मॉन्स्टर केबल' नवी होती आणि तिचा बोलबाला होता. तिच्या समोर ठेवली १६ गेजची साधी दिव्याची वायर, म्हणजे आपल्या दीड एमएमच्या जवळपास जाणारी, आणि बारीक २४ गेजची एक. संगीत ऐकताना मॉन्स्टर आणि दिव्याची वायर यांतला फरक ओळखता आला नाही. दोन्ही त्या बारीक वायरीपेक्षा मात्र सरस ठरल्या. गुरुजींच्या घरी आम्हाला जे दिसलं ते चाळीस वर्षांपूर्वी छापून झालेलं होतं.

त्यातली बारीक वायर मात्र विसरू नका, कारण वायरीचा खरा दोष तिथे असतो. स्पीकरसोबत फुकट मिळते ती लाल-काळी बारीक वायर साधारण २४ गेजची. ती हॉलभर फिरवून पंधरा मीटर नेली तर अडीच ओहम रोध होतो. चार ओहमचा स्पीकर असेल तर आवाजाची पातळी चार डेसिबलनं पडते आणि खर्जाचा तोलही बिघडतो, कारण स्पीकरचा ओहम प्रत्येक सुराला वेगळा असतो. अशी वायर जरूर बदला. पण बदलताना दुसरी फसवणूक टाळा. स्वस्त वायरींत तांब्याचा नुसता मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम सर्रास येतं. रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि टोकं लवकर तुटतात. ब्लेडनं एक तार खरवडा, आत पांढरं दिसलं तर परत द्या. वायरीवर आयएसआयची खूण आणि आयएस ६९४ छापलेलं असेल अशी घरगुती फिटिंगची, पण अनेक बारीक तारांची मऊ वायर घ्या. एकच टणक तार असलेली भिंतीतली घेऊ नका, वाकवून-वाकवून तुटते.

मग गुरुजींचा गढूळपणा कशाचा? त्यांच्या खोलीचा. आणि जास्तीत जास्त लोकांच्या घरी दोष इथेच निघतो, म्हणून यावर जरा थांबतो.

बारा फूट लांबीच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा सूर घुमतो. दहा फूट रुंदीत तो ५७ हर्ट्झच्या आसपास येतो. गुरुजींच्या हॉलची उंचीही दहा फूट, म्हणजे रुंदी आणि उंची दोन्ही एकाच सुराला घुमवतात. आपल्याकडे नव्या घरांत ही मापं फार आढळतात. त्यात स्पीकर शोकेसच्या खोक्यात ठेवला की तो कप्पाच घुमायला लागतो, आणि काचा सूर धरून थरथरतात. डग्गा पसरायचा तो इथून. आम्ही स्पीकर शोकेसमधून काढले, लोखंडी स्टँड इथल्याच वेल्डिंगवाल्याकडून करून घेतले, मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे आणले, वरचा छोटा स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवला. गुरुजींची खुर्ची मागच्या भिंतीला टेकून होती, तीही पुढे ओढली. भिंतीला टेकून बसणाऱ्याला खर्ज सगळ्यात जास्त घुमलेला ऐकू येतो. एवढ्यावरच शब्द कळायला लागले.

पुढे आरशाची युक्ती केली. गुरुजी खुर्चीत बसले, नातीनं बाजूच्या भिंतीवर हातातला आरसा सरकवत नेला. ज्या जागी त्यांना आरशात स्पीकर दिसला, तिथून आवाज भिंतीवर आपटून कानाशी येतो. त्या जागी घरातल्या काकूंनी शिवलेली जाड गोधडी टांगली, समोरच्या भिंतीवर तशीच दुसरी. खाली सतरंजी. उरलेल्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. पातळ पडद्यानं काम होत नाही, जाडी लागते. गोधडीनंही खर्ज आवरत नाही, ते काम स्पीकरच्या आणि खुर्चीच्या जागेनंच होतं. तंबोऱ्याची जवारी या गोधड्यांनंतर मोकळी झाली, चांदीच्या मुलाम्यानं नव्हे.

दुसरी गोष्ट विजेची. आपल्याकडे संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी चालू असल्या की व्होल्टेज पडतं. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्प्लिफायरला २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर त्याची पूर्ण ताकद सुमारे ४० टक्क्यांनी घटते, आणि मोठ्या तानेला, तिहाईला आवाज फाटतो. भारी लाइटची केबल भिंतीतलं व्होल्टेज वाढवू शकत नाही. ते काम चांगल्या स्टॅबिलायझरचं. आणि वीज कडाडायला लागली की प्लग काढून ठेवायचा, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, तरी पहिल्या पावसात माझ्याकडे जळालेले संच येतातच.

तिसरं, गुणगुण. संच चालू केला की हूं असा आवाज येत राहणं. टीव्ही ॲम्प्लिफायरला जोडलेला असेल तर आधी डिशची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहा. गुणगुण थांबली तर दोन वेगवेगळ्या वाटांनी अर्थ जोडला गेला आहे. पाचशे-सातशे रुपयांचा ऑडिओ आयसोलेटर लावला की संपतं. काही जण त्यासाठी तीन पिनांच्या प्लगची वरची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. हात जोडून सांगतो, असं कधीही करू नका. संचात बिघाड झाला तर पत्र्याच्या खोक्यात करंट उतरतो आणि लहान मूल हात लावतं. घराची अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन सुकली की खड्ड्यातली अर्थिंग कमजोर पडते, तिथे पाणी घालत राहावं लागतं.

खरखर येत असेल तर बहुतेक वेळा आवाज वाढवायच्या बटणात धूळ बसलेली असते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि पाच मिनिटं. उंदरांनी कुरतडलेली वायर, सॉकेटमध्ये ढिली झालेली पिन, उलट जोडलेला स्पीकर, हेही बघावं. एका स्पीकरची लाल-काळी टोकं उलटी लागली की खर्ज गायब होतो आणि गाणारा मधे न राहता खोलीभर पसरतो. असा संच घेऊन कुणी आलं की मी टोकं सरळ करून देतो आणि पैसे घेत नाही.

रेकॉर्ड प्लेअरवाल्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागते, कारण तिथे केबलचा गुण खरोखर ऐकू येतो. सुईच्या कार्ट्रिजचा, मूव्हिंग मॅग्नेट असेल तर, वरचा आवाज केबलच्या कपॅसिटन्सवर ठरतो. कार्ट्रिजच्या कागदावर तो किती हवा ते पिकोफॅरडमध्ये दिलेलं असतं, बहुतेकदा १०० ते ३०० च्या मधलं काहीतरी. साधी केबल मीटरला शंभरएक पिकोफॅरड घेते. प्लेअर लांब ठेवून तीन मीटर केबल टाकली तर मर्यादा ओलांडते आणि वरचे सूर बदलतात. उपाय महाग केबल नाही, आखूड केबल. आणि प्लेअरची पातळ अर्थची वायर ॲम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला लावायला विसरू नये.

गुरुजींच्या त्या महागड्या केबल अजून त्यांच्या संचाला आहेत. वाईट नाहीत, नीट काम करतात. दुकानानं परत घ्यायला नकार दिला. बिलावर फक्त 'ऑडिओ केबल' लिहिलेलं, आवाज सुधारेल हे सगळं तोंडी. यातून पुढच्या खरेदीसाठी एवढं करता येतं: जो दावा केला जातो तो बिलावर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लिहून मागा, आणि घरी लावून पाहून परत करायची मुदतही लिहून घ्या. ज्याला आपल्या मालाची खात्री आहे तो हे नाकारणार नाही. पैसे आहेत आणि खर्चच करायचे आहेत, तर आधी स्पीकर बदला. दोन वेगळ्या स्पीकरांतला फरक चादरीमागूनही कुणालाही ओळखू येतो. शक्यतो नंदीग्राम एक्स्प्रेसनं जाऊन शहरात आपली स्वतःची सीडी लावून ऐका आणि मगच घ्या. लेखी दावा खोटा निघाला तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथे मिटलं नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे दुकान मुंबईत असो की हैदराबादेत, किनवटच्या ग्राहकाचा अर्ज नांदेडच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालतो. मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.